खरकटं

थेट्यांनी चित्र टेम्पोतून पाठवलं,
दोन गोधड्यांत गुंडाळून,
वर द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा.
सोबत चिठ्ठी: जरा उजळ करून द्या,
मार्चमध्ये टेस्टिंग रूमचं उद्घाटन आहे.

विलायती. दीडशे वर्षांचं. सही खरवडलेली.
तांबट आळीतल्या माझ्या जिन्यात ते अडलं.
चौकट काढून, तिरकं करून
वर चढवलं,
लग्नात आलेल्या कपाटासारखं.

काजळीखाली मेजवानी होती.

सगळी रसायनं कोपऱ्यावर लावून बघितली.
शेवटी थुंकीच.
शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या,
याहून सौम्य द्रावण कुठल्या बाटलीत मिळत नाही.
कापसाचा बोळा जिभेवर, मग रंगावर,
पुन्हा नवा बोळा.

सोमवारी एका उमरावाचं नाक निघालं.
मंगळवारी त्याचा गाल, आणि
अस्तनीत लपवलेला इस्पिकचा एक्का.
गुरुवारपर्यंत सोफ्यावर झोपलेल्या बाईची पाठ
मानेपासून कमरेपर्यंत.
यांच्यातल्या कुणी माझ्या हातचं पाणी
घेतलं नसतं.
आणि मी त्यांना थुंकी लावून लावून
उजेडात आणत होते.
खाली दिवसभर तांब्यावर हातोडी.

चित्रकार कीर्तनकाराच्या वळणाचा असणार.
जागोजाग बोध पेरलेला:
कलंडलेली मेणबत्ती, घड्याळात पावणेपाच,
कापलेल्या फळावर माशी,
ताटात तोंड घातलेला कुत्रा,
पडद्याच्या फटीतून पहाट,
सावकाराच्या माणसासारखी वाट बघत उभी.
पण हात खोटं बोलत नाही.
माशीला त्यानं दोन फटकारे दिलेत,
रेशमाला दोन महिने.

उजवीकडे खाली नुसता तपकिरी अंधार.
तिथे थुंकी पुरेना. स्पिरिट घेतलं.
नंतरच्या कुणीतरी घाईघाईनं फासलेला रंग होता तो.
आधी एक टाच निघाली,
मग केरसुणी,
मग गुडघ्यावर बसलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी.
काचा गोळा करतेय.
एक गाल फुगलेला.
मुठीत द्राक्षाचा देठ, त्याला
दोनच मणी उरलेत.

अख्ख्या चित्रात
आपल्याकडे बघणारी ती एकटी.

म्हणजे बोधाच्या हिशेबात बसली नाही.
गरिबानं अशा वेळी
डोळे खाली घालून उभं राहायचं असतं,
निदान एखादा अश्रू.
ही उष्टं खातेय, आणि चव बघून खातेय.

थेटे आले. लांबून बघितलं, जवळून बघितलं.
पाठ आवडली. एक्का आवडला.
मग, ही कोण?
कोपरा काळाच बरा होता हो, म्हणाले,
पाहुण्यांचं लक्ष जातं.
माणूस वाईट नाही. पैसे आगाऊ देतो.
मी हो म्हटलं.

मार्चमध्ये गंगापूर धरणावरून वारा येत होता.
लाकडी पिंपात तरुण मुलं द्राक्षं तुडवत होती,
पोटरीपर्यंत लाल,
आणि फोटो काढणारे त्याहून जास्त.
मीही दोन ग्लास घेतले.
तिसराही. खोटं कशाला बोलू, चांगली होती.
चित्राखाली कुणी कर्जाविषयी बोलत होतं,
कुणी घटस्फोटाविषयी,
कुणीतरी कुणाचा तरी हात सोडत नव्हतं.
पावणेपाच वाजायला अजून अवकाश होता.

मोरीत ग्लास विसळणारी बाई पेठकडची.
भिवरा. रोज गिरणाऱ्याच्या नाक्यावरून
जीप घेऊन येते.
ओल्या हातांनी ग्लास उजेडाला धरते,
तळाशी उरलेलं बघते,
इकडेतिकडे बघते.

मी तिला सांगितलं:
खालचा उजवा कोपरा. सगळे गेले की
बोट ओलं करून फिरव.
पाण्याचा रंग दिलाय मी तिथे.
थुंकीनंसुद्धा निघेल.

मला काय करायचंय ताई, ती म्हणाली.

तिचा एक गाल
जरा फुगलेला होता.